प्रवेशाच्या फेऱ्या आणि पसंतीक्रम
(संस्थेच्या विद्यार्थी मार्गदर्शन मेळाव्यातील भाषण)



सीईटीला गुण चांगले पडले, गुणवत्ता यादीत नाव लागले, की अभियांत्रिकीचा प्रवेश झालाच, असा आपल्या वस्तीत समज आहे. तसे नसते. राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष सगळ्या जागा एकदम वाटत नाही, फेरीफेरीने वाटतो. वरच्या गुणांची काही मुले आयआयटीला किंवा इतरत्र निघून जातात. त्यांच्या मोकळ्या झालेल्या जागा पुन्हा गुणानुक्रमाने द्यायच्या, तर पुढची फेरी घ्यावीच लागते.

२०२५-२६ च्या प्रवेशाला अशा चार फेऱ्या होत्या. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचे कॉलेज मिळाले, तर ते घेणे बंधनकारक. दुसरीत पहिल्या तीन आणि तिसरीत पहिल्या सहा पसंतींपैकी कोणतेही मिळाले तरी तेच. ती जागा नाकारणारा पुढच्या फेऱ्यांतून बाद. त्याखालची पसंती मिळाली, तर मात्र जागा स्वीकृती शुल्क भरून ती हाती ठेवता येते आणि पुढच्या फेरीत वरची मागता येते. वरची मिळाली की आधीची आपोआप रद्द होते, न मिळाल्यास आधीची राहते. नियम वर्षागणिक बदलतात, म्हणून त्या त्या वर्षाची माहिती पुस्तिका वाचल्याशिवाय अर्जाला हात लावू नका.

आता पालकांविषयी थोडे स्पष्ट बोलतो. "आपल्या पोराला एवढे गुण कुठे, मोठ्या कॉलेजचे नाव लिहून काय उपयोग?" असे म्हणून ते घराजवळचे कॉलेज एक नंबरला टाकतात. पहिल्याच फेरीत ते मिळते आणि मुलगा तिथेच अडकतो. संगणक यादी वरून खाली तपासत येतो. वरचे मिळाले नाही तर खालचे पाहतो. वर अवघड नाव लिहिल्याने खालच्या जागेवरचा हक्क कमी होत नाही. बिचकून मागण्याची आपली जुनी सवय इथे नडते. पण पहिल्या सहांत जिथे जायचेच नाही असे नावही घालू नका. मिळाले, तर घ्यावे लागेल.

दुसरी गोष्ट जात वैधता प्रमाणपत्राची. अर्ज केल्याची पावती काही काळ चालते. मूळ प्रमाणपत्र मुदतीत दिले नाही, तर राखीव जागेवरचा दावा जाऊन उमेदवार खुल्या प्रवर्गात धरला जातो. जात पडताळणी समितीत वेळ लागतो, म्हणून अकरावीतच अर्ज करा. वडिलांचे किंवा काकांचे वैधता प्रमाणपत्र असेल, तर तेही जोडा.

आणि पैशाचे. समाजकल्याणची शिष्यवृत्ती किंवा फ्रीशिप हवी, तर खाजगी कॉलेजातला प्रवेश या केंद्रीभूत फेऱ्यांतूनच व्हावा लागतो. फेऱ्या चुकवून व्यवस्थापन कोट्यातून गेलात, तर पूर्ण फी घरातून भरावी लागेल. ज्या घरात एकच पगार येतो, तिथे याचा अर्थ काय होतो, हे मी बँकेच्या काउंटरवर रोज पाहतो. शैक्षणिक कर्जाचे हप्ते शिक्षण चालू असेपर्यंत आणि त्यानंतर ठरावीक काळच थांबतात, नोकरी लागली नाही तरी पुढे सुरू होतात, आणि व्याज तर थांबतच नाही.

विकल्प अर्ज भरण्याआधी पसंतीची यादी कागदावर लिहून रविवारी सकाळी वंदनेनंतर विहारात घेऊन या. आम्ही तीन-चार जण तिथे असतो. मागची माहिती पुस्तिकाही तिथे ठेवली आहे.

जय भीम!