जाण्यायेण्यातच जाणारा पगार



इंधनाच्या भाववाढीवर आपण सगळेच बोलतो. पंपावर बोलतो, कट्ट्यावर बोलतो, जेवताना बोलतो. त्या बोलण्यात बहुधा दोनच गोष्टी असतात : आज भाव किती झाला आणि सरकार कुणाचं आहे. मला आज तिसरी गोष्ट विचारायची आहे. भाव वाढला की घरातल्या कुणाचं बाहेर पडणं थांबतं?

पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांच्या पट्ट्यात मी बरीच वर्षं अर्थशास्त्र शिकवलं. दिवसा कंपनीत आणि संध्याकाळी वर्गात अशी पुष्कळ मुलं माझ्यापुढे बसायची. त्यांच्या घरखर्चाच्या वह्या मी हौसेने वाचायचो, वर्गात सोडवायला उदाहरण म्हणून घ्यायचो. आजचं माझं म्हणणं त्या वह्यांतून आलेलं आहे.

घर चालवणं म्हणजे आधी दाणागोटा, असं आपण धरून चालतो. केंद्र सरकारचं २०२२-२३ चं घरगुती उपभोग खर्चाचं सर्वेक्षण वेगळं सांगतं. शहरी माणसाच्या महिन्याच्या खर्चात तृणधान्यांचा वाटा चार टक्क्यांच्याही खाली आहे आणि जाण्यायेण्याचा साडेआठ टक्क्यांच्या आसपास. गहू, तांदूळ, ज्वारी, बाजरी या सगळ्यांवर मिळून जेवढं जातं, त्याच्या दुपटीहून जास्त पैसा रस्त्यावर जातो. खेड्यातसुद्धा जाण्यायेण्याचा वाटा साडेसात टक्क्यांच्या घरात आहे. आणि ही सरासरी आहे. सरासरीत बंगल्यातला माणूसही येतो आणि खोलीतलाही.

खोलीतल्या माणसाचा हिशेब मांडतो. कात्रजला घर, भोसरीच्या एमआयडीसीत काम. एका बाजूला पंचवीस किलोमीटर धरा. महिन्याचे सव्वीस दिवस कामाचे, म्हणजे तेराशे किलोमीटर. गाडी लिटरला पंचेचाळीस देते असं उदार मनाने मानू, जरी सिग्नलला आणि चढाला ती तेवढं देत नाही. एकोणतीस लिटर पेट्रोल. लिटरला १०४ रुपये धरले तर तीन हजार. कंत्राटी कामगाराच्या हातात अठरा हजार येत असतील तर सहावा हिस्सा टाकीत गेला. ऑइल बदलणं, टायर, विमा हे अजून बाकीच आहे. आणि अनेक ठिकाणी असं दिसतं की कायम कामगाराला न्यायला कंपनीची बस येते, कंत्राटी कामगार मात्र आपापल्या गाडीने येतो. ज्याचा पगार कमी, त्याचाच प्रवास स्वतःच्या खिशातून.

हा कामगार पंपावर कधी लिटर सांगत नाही. तो ‘शंभरचं टाका’ म्हणतो, महिनाअखेरीला ‘पन्नासचं’ म्हणतो. भाव वाढला तरी त्याची नोट तीच राहते, फक्त गाडी आधीच्या वेळेपेक्षा लवकर रिझर्व्हला येते. २९ मे २०२१ रोजी मुंबईत साध्या पेट्रोलने शंभरी ओलांडली, त्या दिवसापासून शंभराच्या नोटेत लिटरभरही पेट्रोल बसेनासं झालं. परभणीकरांनी हे त्याआधीच पाहिलं होतं. मनमाडच्या डेपोपासून तीनशेहून जास्त किलोमीटरवर असल्याने वाहतुकीचा खर्च चढून तिथला भाव देशातल्या सर्वांत चढ्या भावांत असायचा. त्या वर्षी काही पंपांवरच्या जुन्या यंत्रांना तीन आकडी भाव दाखवताच येईना. यंत्रं बदलली गेली. पगार त्या वेगाने बदलले नाहीत.

भाव का वाढतो, हे थोडक्यात सांगतो. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलातलं ८५ टक्क्यांहून जास्त आपण बाहेरून आणतो, त्यामुळे जगातली लढाई आणि रुपयाची घसरण दोन्ही आपल्या टाकीपर्यंत पोचतात. हे खरं आहे, पण एवढंच खरं नाही. पेट्रोलचा भाव जून २०१० मध्ये आणि डिझेलचा ऑक्टोबर २०१४ मध्ये नियंत्रणातून मोकळा झाला. जून २०१७ पासून भाव रोज बदलू लागला. जगात स्वस्त झालं की इथेही स्वस्त होईल, असं तेव्हा सांगितलं गेलं. मग २०२० चा एप्रिल आला. जग घरात बसलं होतं, तेलाला गिऱ्हाईक नव्हतं, अमेरिकेतल्या वायद्याचा भाव २० एप्रिलला शून्याच्याही खाली गेला. मे महिन्याच्या सुरुवातीला केंद्राने उत्पादन शुल्क पेट्रोलवर लिटरमागे दहा रुपयांनी आणि डिझेलवर तेरा रुपयांनी वाढवलं. २०१४ मध्ये पेट्रोलवर ९ रुपये ४८ पैसे असलेलं शुल्क ३२ रुपये ९८ पैशांवर पोचलं. जगातली स्वस्ताई पंपाच्या दारापर्यंत आली आणि तिथेच जमा झाली.

नोव्हेंबर २०२१ आणि मे २०२२ मध्ये हे शुल्क दोनदा उतरवलं गेलं, राज्यानेही जुलै २०२२ मध्ये पेट्रोल पाच आणि डिझेल तीन रुपयांनी कमी केलं. पण केंद्राच्या त्या दोन कपातींच्या मधला काळ आठवा. पाच राज्यांच्या निवडणुका होत्या, चार महिन्यांहून जास्त भाव जागचा हलला नाही. निवडणुका संपल्या आणि २२ मार्च २०२२ पासून सोळा दिवसांत चौदा वेळा भाव वाढून लिटरमागे दहा रुपये चढले. मुंबईत पेट्रोल १२० रुपयांपुढे गेलं. ‘रोज बदलणारा भाव’ रोज बदलायचा की निवडणुकीनंतर, हे ठरवणारं कुणीतरी आहे, हे त्या पंधरवड्यात पोरालाही समजलं.

राज्याचा व्हॅट टक्क्यांत असतो, शिवाय पेट्रोलवर लिटरमागे ठरावीक रक्कम वेगळी. मूळ भाव चढला की टक्क्यांतला कर आपोआप चढतो. जीएसटी १ जुलै २०१७ ला आला, पेट्रोल-डिझेल त्याबाहेर ठेवलं गेलं, कारण केंद्र आणि राज्य दोघांनाही या उत्पन्नावर पाणी सोडवत नाही. मी कराच्या विरोधात नाही. रस्ते, शाळा, दवाखाने करातूनच होतात. पण आयकर उत्पन्न बघून लागतो आणि पेट्रोलवरचा कर गिऱ्हाईक बघत नाही. लाखाचा पगार घेणारा आणि अठरा हजारांचा कंत्राटी कामगार एका लिटरवर तेवढाच कर भरतात. याला मी अन्याय म्हणतो आणि तो शब्द जपून वापरतो.

डिझेलचं वेगळं सांगायला नको. नारायणगावचा टोमॅटो, लासलगावचा कांदा, दुधाचे टँकर, हर्णैच्या बंदरातून समुद्रात जाणारी होडी, शेतात नांगरणी करणारा ट्रॅक्टर, सगळं डिझेलवर चालतं. ज्याच्या घरी गाडीच नाही, त्याच्या पिशवीतही डिझेलचा भाव येतोच.

आता मूळ प्रश्नाकडे येतो, आणि इथे मला थोडं थांबायचं आहे.

माझ्या एका विद्यार्थ्याच्या घरची वही सांगतो. तो कंपनीत, बायको एका कारखान्यात पॅकिंगला. तिला महिन्याला नऊ हजार. बसने वेळेत पोचता येत नसे, म्हणून दोन टप्प्यांची शेअर रिक्षा. आधी दिवसाला साठ रुपये पडायचे. सीएनजी महागला तसे ऐंशी झाले. राज्याने एप्रिल २०२२ मध्ये सीएनजीवरचा व्हॅट साडेतेरा टक्क्यांवरून तीन टक्क्यांवर आणला होता, पण पुढच्या काही महिन्यांत गॅसच इतका चढला की ती सवलत दिसेनाशी झाली. रिक्षावाल्याचाही इलाज नव्हता. दिवसाचे ऐंशी म्हणजे महिन्याचे दोन हजारांवर. एके दिवशी घरात ठरलं की तिने काम सोडावं. का, असं मी विचारलं. तो म्हणाला, ‘सर, तिचा पगार जाण्यायेण्यातच जातो.’

हे वाक्य मी त्याआधीही ऐकलं होतं आणि नंतर अनेक घरांत ऐकलं. म्हणून वही पुन्हा उघडायला लावली. त्याच्या पेट्रोलचे तीन हजार घरखर्चाच्या पानावर होते, किराणा आणि भाड्याच्या रांगेत. तिच्या रिक्षाचे दोन हजार तिच्या पगारातून वजा केलेले होते. त्याचं जाणं-येणं घराची गरज, तिचं जाणं-येणं तिच्या नोकरीचा खर्च. पुढे त्याच वजाबाकीत पाळणाघर आलं, डबा आला, आणि उरलं ते ‘काही परवडत नाही’ या सदरात गेलं. प्रवास वजा जाऊनही तिचे जवळजवळ सात हजार घरात येत होते. पण हिशेबाची रीतच अशी होती की ते दिसूच नयेत.

यात तो वाईट माणूस नव्हता. बायकोला घरात कोंडायचं त्याच्या मनात नव्हतं, तिच्या धावपळीची त्याला काळजी होती. तरीही इंधनाचा भाव वाढल्यावर कात्री कुठे लागली ते पाहा. त्याचं पेट्रोल कमी करता येत नव्हतं, कारण कामावर गेलं नाही तर पगार नाही. मग जे ‘कमी करता येण्यासारखं’ होतं ते कमी झालं. कुठे बायकोचं काम जातं, कुठे मुलीचा लांबचा क्लास सुटतो, कुठे आईचं महिन्याचं दवाखान्यात दाखवायला जाणं दोन महिन्यांवर जातं. सरकारी आकडेवारीत ही महागाई दिसत नाही. न केलेल्या प्रवासाचं तिकीट फाटत नाही.

उलट बाजूचा पुरावाही आपल्याच राज्यात आहे. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मं भाडं झालं. त्यानंतर कुठल्याही तालुक्याच्या स्थानकावर जाऊन उभे राहा. माहेरी जाणारी, बाजाराला निघालेली, नर्सिंगच्या वर्गाला चाललेली, बचत गटाच्या बैठकीला निघालेली बाई तुम्हाला दिसेल. ही सगळी कामं आधीही होती. भाडं आडवं येत होतं. जानेवारी २०२५ मध्ये एसटीचं भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं, तरी निम्म्याचा आधार राहिला. शाळेत जाणाऱ्या ग्रामीण मुलींना एसटीचा मोफत पास आहे, त्या पासाने किती मुली दहावीपर्यंत पोचल्या ते शिक्षकांना विचारा. हा पैसा सरकारने उधळला असं म्हणणारे मला भेटतात. मला तो राज्याने केलेल्या सर्वांत चांगल्या खर्चांपैकी एक वाटतो.

शहरात मात्र चित्र उलटं आहे. मुंबईत निदान लोकल आहे. कल्याणहून मुंबईला रोज शंभर किलोमीटरच्या वर जाणंयेणं करणारा माणूस दुसऱ्या वर्गाच्या पासाला महिन्याला काही शेकडे मोजतो. त्या प्रवासाची किंमत तो अंगाने चुकवतो, जून २०२५ मध्ये मुंब्र्याजवळ गाडीतून पडून माणसं गेली, ते मी विसरलेलो नाही. पण पेट्रोलचा भाव त्याच्या पासाला शिवत नाही. पुण्यात लोकल नावापुरती, मेट्रो आहे पण मोजक्या मार्गांवर, म्हणून भार सगळा बसवर. आणि पीएमपीएमएलच्या बसचं किमान भाडं जून २०२५ मध्ये पाचाचं दहा झालं, दोन्ही महापालिकांच्या हद्दीतला महिन्याचा पास वाढून १५०० झाला. मुंबईत बेस्टचं किमान भाडंही त्याच्या आदल्या महिन्यात पाचावरून दहावर गेलं.

पंधराशेचा पास तीन हजारांच्या पेट्रोलपेक्षा अजूनही निम्मा आहे. मग लोक बसने का जात नाहीत? कारण दुसरी पाळी रात्री अकरा-साडेअकराला सुटते आणि तेव्हा थांब्यावर बस नसते. कारण कात्रज ते भोसरी कुठेतरी उतरून बदलावं लागतं आणि दुसऱ्या बसची वेळ पहिल्या बसला माहीत नसते. कामावर दहा मिनिटं उशीर झाला तर कंत्राटदार अर्धा दिवस कापतो, तेव्हा बसने वाचवलेलं सगळं एका दिवसात जातं. माणूस कर्ज काढून दुचाकी घेतो ती हौसेने नाही. हप्ता, पेट्रोल आणि अपघाताची भीती असं तिन्ही अंगावर घेतो, कारण वेळेवर पोचण्याची दुसरी सोय त्याला कुणी दिलेली नाही.

पीएमपीएमएलची तूट पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिका साठ-चाळीसच्या प्रमाणात भरतात. ‘बस तोट्यात आहे’ ही बातमी दरवर्षी येते. उड्डाणपूल तोट्यात आहे अशी बातमी कधी वाचली आहे? पुलावरून जाणाऱ्याकडून आपण तिकीट घेत नाही, म्हणून त्याचा खर्च ‘विकास’ ठरतो आणि बसचा खर्च ‘तूट’. महापालिकेचं अंदाजपत्रक आणि त्या विद्यार्थ्याची वही, दोन्ही मला एकाच हाताने लिहिल्यासारखी वाटतात. एकाचं जाणं गरज म्हणून लिहिलेलं, दुसरीचं जाणं वजाबाकीत.

माझी मागणी लहान आहे. भोसरी, चाकण, रांजणगावच्या पाळ्यांच्या वेळा कारखान्यांना माहीत आहेत, बसच्या वेळा आगाराला माहीत आहेत. दोघांनी एका टेबलाशी बसून रात्रीची पाळी सुटल्यावर गेटवरून निघणारी बस ठरवावी. एसटीसारखं निम्मं भाडं शहर बसमध्ये बायकांना मिळावं आणि त्याचे पैसे राज्याने इंधनावरच्या करातून द्यावेत, त्या करात तिच्या रिक्षाचेही पैसे आहेतच. आणि ही मागणी वाहतूक तज्ज्ञांच्या अहवालात न ठेवता पॅकिंगला जाणाऱ्या बायकांनी स्वतः महापालिकेत जाऊन मांडावी, कारण कुठली बस किती वाजता चुकते ते त्यांना पाठ आहे.

समोर एसटीतून निवृत्त झालेले काही वाहक आणि एक आगारप्रमुख बसलेले दिसताहेत. फेऱ्या कशा बसवतात, कुठे अडतं, हे त्यांच्याकडून ऐकायला मला आवडेल. ध्वनिक्षेपक त्यांच्याकडे द्यावा, अशी अध्यक्षांना विनंती करतो.