तारेची साक्ष



जळगाव, धुळे, अमळनेर येथे कापडगिरण्या होत्या, तेव्हा तुटलेला धागा डोळ्यांना दिसे. आताच्या कारखान्यांत यंत्रे तापमानाचे नि वेगाचे आकडे दोन तारांवरून एकमेकांना कळवतात. या पद्धतीला आरएस-४८५ म्हणतात. तिचे प्रमाण १९८३ साली ठरले. येथला तुटलेला आकडा दिसत नाही, आणि ठपका मात्र यंत्रावरच्या कामगारावर येतो. म्हणून आम्ही संघटनेचे लोक म्हणतो : आधी तार तपासा, मग माणूस.

पहिली तपासणी वीज बंद करून. तारेच्या दोन टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो. दोन तारांमध्ये मीटर लावले की सुमारे ६० ओहम दिसावेत. कोणी पाच यंत्रांना पाच रेझिस्टर बसवले, तर २४ दिसतात. भार वाढतो आणि विजेचा दाब खचतो.

दुसरी, कोणतेही यंत्र बोलत नसताना. दाब २०० मिलिव्होल्टहून कमी असेल, तर आसपासच्या मोटारींचा गोंगाटही आकडा म्हणून वाचला जाऊ शकतो.

तिसरी, बोलणे चालू असताना. धाडणाऱ्याने योग्य भारावर निदान १.५ व्होल्ट दिले पाहिजेत. साधे मीटर येथे सरासरीच दाखवते, ऑसिलोस्कोप हवा.

ही तीन मापे चौकशीच्या कागदावर नसतील, तर कामगाराला दोषी ठरवण्याचा अधिकार कोणाला पोचतो? मोजमापाला मालक-मजूर भेद नाही. आम्हांला तेवढाच न्याय हवा आहे.