चालत्या वाळूचे डोंगर

पर्वत अचल असतात, ही समजूत सर्वत्र रूढ आहे. परंतु अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, ऑरेगन राज्यांत, वाऱ्याबरोबर चालणारे डोंगर आहेत. उत्तरेस फ्लॉरेन्स हें गांव व दक्षिणेस कूस बे हें बंदर यांच्या दरम्यान सुमारें ४० मैल वाळूच्या टेकड्यांची रांग पसरली असून, तिच्यांतील कांहीं माथे समुद्रसपाटीपासून ५०० फुटांपर्यंत उंच आहेत. डोंगरांतील खडक झिजून झालेली वाळू नद्यांनीं समुद्रांत नेली, लाटांनीं ती किनाऱ्यास परत आणून टाकली आणि वाऱ्यानें तिच्या टेकड्या रचल्या. १९७२ सालीं अमेरिकन काँग्रेसनें हा प्रदेश राष्ट्रीय विहारक्षेत्र म्हणून राखून ठेवला; त्याची व्यवस्था तेथील वनखात्याकडे आहे.

या क्षेत्राच्या ठराविक भागांत लोक रुंद, फुगीर टायरांच्या गाड्या घेऊन येतात व नेमून दिलेल्या जागीं वाळूवरच राहुट्या ठोकून मुक्काम करितात. दिवसभर इंजिनांची घरघर चाललेली असते. रात्रीं ती थांबली म्हणजे समुद्राची गाज तेवढी ऐकूं येते.

हा खेळ धाडसाचा खरा, पण आंधळ्या धाडसाचा नव्हे. रस्त्यावरचें कौशल्य येथें पुरें पडत नाहीं. टणक टायर वाळूंत रुततो. म्हणून जाणते लोक त्यांतील हवा कमी करितात, म्हणजे तो पसरून गाडीचें वजन अधिक जागेवर वांटलें जातें. फसलेलें चाक जोरानें फिरविलें, तर तें आणखीच खोल जातें. चढ चढतांना गाडी सरळ न्यावी लागते. मध्येंच आडवी वळविली कीं ती कलंडते. सर्वांत मोठा धोका मात्र माथ्यावर असतो. वाऱ्याच्या बाजूची चढण सौम्य असते, तर पलीकडचा उतार ३० अंशांहूनही अधिक तीव्र असतो. काल जेथें वाट होती, तेथें आज कडा असूं शकतो. शिवाय समोरून येणारी गाडी टेकडीआड दिसत नाहीं. याकरितां प्रत्येक गाडीवर उंच काठीस तांबडें किंवा नारिंगी निशाण लावण्याचा नियम आहे. आणि पलीकडचें दिसल्याखेरीज माथा ओलांडूं नये, हा तेथील पहिला पाठ आहे. वेगाच्या भरांत ज्यांस त्याचा विसर पडला, त्यांतील कित्येकांनीं हातपाय मोडून घेतले, कांहींनीं प्राणही गमावले.

ही यंत्रेंच टेकड्यांचा नाश करीत असतील, असें प्रथम वाटतें. झुडपांवरून किंवा घरट्यांवरून गाडी गेली तर हानि होतेच. तेथील उघड्या वाळूंत चिखल्या जातीचा एक चिमुकला पक्षी जमिनीवरच अंडीं घालतो. १९९३ सालीं त्याची गणना धोक्यांत आलेल्या जातींत झाली. १५ मार्च ते १५ सप्टेंबर या विणीच्या काळांत त्याच्या घरट्यांचे कोरड्या वाळूचे पट्टे गाड्यांस बंद असतात. तथापि टेकड्यांना ग्रासणारा मोठा शत्रु निराळाच आहे व तो दिसण्यांत अगदीं निरुपद्रवी आहे. तो म्हणजे गवत!

उडत्या वाळूचा उपद्रव रस्त्यांना व बंदरांना होऊं लागला, तेव्हां ती थोपविण्यासाठीं विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत युरोपांतील एक चिवट गवत तेथें मुद्दाम लावण्यांत आलें. हेतु चांगला होता व तो सफळही झाला. १९५७ सालीं फ्रँक हर्बर्ट हा लेखक हेंच काम पाहण्यास फ्लॉरेन्स येथें गेला. ‘ड्यून’ या त्याच्या १९६५ सालच्या प्रसिद्ध कादंबरीचें बीज तेथेंच पडलें. पण गवत लावलेल्या जागीं थांबलें नाहीं. किनाऱ्यालगत वाळू अडवून त्यानें लांबच लांब बांध उभा केला. आंतील टेकड्यांना नवी वाळू मिळेनाशी झाली. बांधामागची वाळू वारा उडवून नेत राहिला, खालची ओल उघडी पडली आणि तींत झुडपें व पाइनचीं झाडें माजलीं. उघडी वाळू आक्रसत गेली.

यांतून एक विलक्षण योग जुळून आला आहे. गाडीस्वारास मोकळी वाळू हवी, आणि चिखल्यासही तीच हवी. ज्यांचे हितसंबंध परस्परविरुद्ध मानले जात, ते स्वार व निसर्गरक्षक अलीकडे वनखात्यासह एकत्र बसून गवत काढण्याच्या योजना आखूं लागले आहेत. कोणास किती वाळू द्यावी, हा वाद मिटलेला नाहीं. पण वाळूच उरली नाहीं तर वादास विषयही उरणार नाहीं, एवढें उभयतांस उमगलें आहे.