मोटारीची जकात

कुंभकोणम् म्हटले की महामखम् तळे डोळ्यांपुढे येते, विड्याची पाने येतात, फार तर तेथील दाट कॉफी आठवते. मराठी माणसाला तेथे आणखी एक नवल भेटते, ते म्हणजे कावेरीकाठची मराठी घरे. तंजावरच्या भोसल्यांच्या राज्यात स्थिरावलेल्या कुटुंबांपैकी ही काही. मध्यंतरी रजेवर असताना अशाच एका घरी मी उतरलो होतो. घरधनी सत्तरीचे, निवृत्त प्राध्यापक. त्यांना नवी मोटार घ्यावयाची होती, आणि सरकारी नोकर म्हणजे साऱ्या करांचा धनी अशा समजुतीने त्यांनी मला पहिल्याच संध्याकाळी विचारले, विलायतेत एका किमतीला मिळणारी गाडी आपल्याकडे दुपटीहून महाग का पडते?

मी कागद घेतला. बोटभाडे व विमा धरून बंदरात दहा लाख रुपयांना पडणारी एक मोठी मोटार घ्या. 2025 च्या अर्थसंकल्पानंतरच्या दराने तिच्यावर 70 टक्के आयात जकात, म्हणजे सतरा लाख झाले. आता वस्तू व सेवा कर बसतो तो दहा लाखांवर नव्हे, या सतरा लाखांवर. मोठ्या गाडीला तो सप्टेंबर 2025 पासून 40 टक्के आहे. झाले तेवीस लाख ऐंशी हजार. विक्रेत्याचा नफा आणि राज्याचा वाहनकर अजून यावयाचाच आहे. गाडी चाळीस हजार डॉलरांवरची असेल तर जकात व उपकर मिळून 110 टक्के. करावरही कर बसतो हे पाहून प्राध्यापकमहाशय हसले. मला मात्र हसू आले नाही. मी त्याच यंत्राचा एक खिळा.

मग त्यांनी आपल्या वडिलांची हकीकत सांगितली. 1964 साली वडिलांनी एका देशी मोटारीसाठी नाव नोंदविले. त्यावेळी जकातीचा प्रश्नच नव्हता, कारण तयार मोटारी आणण्याची दारेच 1949 पासून बंद होती. 1953 साली जकात आयोगाने मत दिले की ज्यांना येथे खरोखर गाड्या घडवावयाच्या आहेत त्यांनीच राहावे. नुसती जोडणी करणाऱ्या फोर्ड व जनरल मोटर्स यांनी गाशा गुंडाळला. मोटारी घडविणारे राहिले ते कलकत्त्याकडे हिंदुस्थान मोटर्स, कुर्ल्यास वालचंद हिराचंदांची प्रीमियर आणि मद्रासची स्टँडर्ड, असे मोजके. गिऱ्हाइके फार, गाड्या थोड्या. वडिलांची गाडी दारात आली 1972 साली. तोवर काचबिंदूने त्यांची दृष्टी गेली होती. रोज संध्याकाळी ते मागच्या आसनावर जाऊन बसत व चाकावर हात ठेवण्याचे काम मुलाला सांगत.

जकात पैसे घेते व पावती देते. बंदी आयुष्यातली वर्षे घेते आणि तिची पावती कोठेच मिळत नाही. हा भेद ज्याला नेमका कळला होता असा एक मराठी मुत्सद्दी याच कुंभकोणमात 1828 साली जन्मला. सर टी. माधवराव हे त्यांचे नाव. पुढे ते इंदूर व बडोद्याचे दिवाण झाले, हे आपणांस ठाऊकच आहे. पण त्रावणकोरच्या दिवाणगिरीतले त्यांचे काम आपल्याकडे फारसे कोणी वाचीत नाही. तेथे शेतकऱ्याने मिरी विकावयाची ती सरकारालाच, सरकार देईल त्या भावाने. माधवरावांच्या कारकीर्दीत 1860 साली हा मक्ता उठला आणि त्याच्या जागी निर्यात जकात आली. 1863 साली तंबाखूचा मक्ता गेला, तेथे आयात जकात आली. 1865 च्या कराराने ब्रिटिश हिंदुस्थान, कोचीन व त्रावणकोर यांच्यामधील बहुतेक मालावरची जकातही उठली. आधी मक्ता मोडावयाचा, मग उघड दर ठेवावयाचा, मग तो दर उतरवावयाचा, असा हा क्रम. मिरीला जे 1860 साली लाभले ते मोटारीला लाभण्यास 2001 साल उजाडावे लागले. त्या एप्रिलात आयातीवरील निर्बंध उठले आणि उंच जकात तेवढी उरली.

त्या जकातीचीही दुसरी बाजू आहे. बाहेरून आणणे परवडत नाही म्हणून तर परदेशी कंपन्या येथे कारखाने काढतात. ह्युंदाईची मोटार 1998 पासून चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरकडे तयार होते, आणि तंजावर जिल्ह्यातील कित्येक मुले त्या पट्ट्यात नोकरीस आहेत. पण जकात कारखाना आणते, तो टिकवीलच असे नाही. पुन्हा आलेल्या फोर्डने 2021 साली येथील उत्पादन थांबविण्याचे जाहीर केले, तेव्हा जकात काही कमी नव्हती.

प्राध्यापकांचे जावई सांगत होते, थोडे थांबा. जुलै 2025 मध्ये ब्रिटनशी झालेल्या करारान्वये ठराविक संख्येच्या मोटारींवरील जकात टप्प्याटप्प्याने 10 टक्क्यांवर यावयाची आहे. थांबावे काय, असे त्यांनी मला विचारले. मी हिशेबाचा कागद पुढे केला. त्यांनी तो घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, या घराने थांबण्याचा वाटा उचलून झाला आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी ते फूटपट्टी घेऊन दिंडीदरवाजाची रुंदी मोजीत होते.