आवाज मोठा, मार थोडा

केळाच्या सालीवरून पाय घसरून एखादा गृहस्थ भर रस्त्यात आपटला, की आपण सभ्य माणसेही आधी हसतो आणि मग त्यास हात देण्यास धावतो. ह्या क्रमाची लाज बाळगावी की न बाळगावी, एवढाच माझा आजचा विषय आहे.

अशा धडपडीच्या विनोदास इंग्रजीत 'स्लॅपस्टिक' म्हणतात. इटलीतील जुन्या प्रहसनांत दोन पातळ फळ्या एकत्र जोडून केलेले एक दांडके असे. ते पाठीत हाणले की आवाज मोठा होई, पण इजा फारशी होत नसे. पुढे त्याचेच नाव ह्या विनोदास पडले. आवाज मोठा आणि मार थोडा, हेच त्याचे मर्म होय. आपल्याकडेही ही विद्या नवी नव्हे. १८४३ साली सांगलीत श्रीमंत चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले. त्या परंपरेतल्या 'अललडुर्र' आरोळ्या ठोकणाऱ्या राक्षसांनी प्रेक्षकांची छाती दडपावी आणि विदूषकाच्या उड्यांनी ती पुन्हा मोकळी व्हावी, असा प्रकार असे. तमाशातला सोंगाड्याही हेच काम करीत आला आहे.

ह्या जातीचा एक छोटा अमेरिकन बोलपट माझ्या पाहण्यात आला. नाव 'सेव्ह्ड बाय द बेल', साल १९३९, दिग्दर्शक चार्ली चेस. 'थ्री स्टूजेस' म्हणून गाजलेले मो, लॅरी आणि कर्ली हे तिघे त्यात फिरते विक्रेते आहेत. व्हॅलेस्का नावाच्या एका कल्पित उष्ण देशात ते अडकून पडले आहेत. तेथे वरचेवर भूकंप होतात. म्हणून आपटताना लागू नये यासाठी पाठीमागे बांधावयाच्या उशा ते विकतात! इतक्यात त्यांना तार येते, की सध्याचा कपड्यांचा साठा काढून टाका. इंग्रजीत अशा साठ्यास 'वॉर्डरोब' म्हणतात, आणि त्या देशाच्या अध्यक्षाचे नाव नेमके वॉर्ड रोबी! अध्यक्षालाच 'काढून टाकण्याचा' कट समजून तिघांनाही धरतात. बतावणीतल्या सोंगाड्याने शब्दाचा भलताच अर्थ लावावा, तसाच हा घोटाळा.

परदेशी गेलेल्या एका माजी विद्यार्थ्याने मजकडे ह्या बोलपटाची व्हिडिओ कॅसेट पाठविली होती. १९९४ च्या एप्रिलात परीक्षा संपल्यावर सांगली जिल्ह्यातील आमच्या शाळेत मी ती मुलांना दाखविली. इंग्रजी कोणास फारसे कळत नव्हते, तरी वर्ग खदखदून हसत होता. मात्र एक मुलगा मुकाट्याने उठून बाहेर गेला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात जो भूकंप झाला, त्यात घर गेल्यामुळे तो मामाकडे राहावयास आला होता. हे मला ठाऊक असूनही माझ्या ध्यानात राहिले नव्हते. मी मागोमाग गेलो. तो रडत नव्हता. एवढेच म्हणाला, "गुरुजी, आमच्याकडं पडलेले उठले नाहीत."

त्या रात्री मला झोप आली नाही. कारण भूकंपास मी स्वतः एकदा हसलो होतो. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट. मी सात वर्षांचा होतो आणि आम्ही कऱ्हाडास राहत होतो. घर गदगदा हलले आणि सारी आळी रस्त्यावर आली. आमचे आबा टोपी समजून पितळी पातेले डोक्यावर घालून धावत आले. थंडीने आणि भीतीने कापणारी माणसे त्यांना पाहून पोट धरून हसली. शेवटी आबाही हसले. तिकडे कोयनानगरची घरे ढासळली होती. त्या भूकंपात सुमारे १८० माणसे दगावली. दिवस वर आल्यावर ती वार्ता आमच्या आळीत पोचली, आणि कोणी दटावले नाही तरी हसणे आपोआप थांबले.

आमचे हसणे पाप होते, असे मला आजही वाटत नाही. आबांचे पातेले हास्यास्पद होते, कारण पातेल्याखालचे डोके शाबूत होते. सोंगाड्या आपटतो तेव्हा आपण हसतो, कारण तो पुढल्याच क्षणी धोतर झटकून उठणार, ही आपली खात्री असते. तो मार आपल्या पाठीवर घेतो आणि आपल्याला निर्भय करतो. परंतु ज्याच्या घरचा माणूस उठलाच नाही, त्याच्यापाशी ही खात्री कोठून असावी? चूक बोलपटाची नव्हती. शेजारी कोण बसले आहे हे न पाहणाऱ्या मास्तराची होती. दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाची क्षमा मागितली.

दोन वर्षांनी शाळा सोडून जाण्यापूर्वी तो आपण होऊन माझ्याकडे आला. "गुरुजी, तो उशांचा शिनेमा पुन्हा लावता का?" आम्ही दोघांनीच तो पाहिला. तिघे आपटले, उठले, पुन्हा आपटले. तो मुलगा हसला. मी मात्र आधी त्याच्याकडे पाहिले, आणि मग हसलो.

श्रोतेहो, मला वाटते, हाच क्रम योग्य होय.