साथीचा रोग आणि घरातला धम्म
(खेड्यातील विहारात नवदीक्षित कुटुंबांपुढे केलेले भाषण)



दीक्षा घेतलेल्या कुटुंबाची परीक्षा दीक्षेच्या दिवशी होत नाही. त्या दिवशी मंडप असतो, ध्वज असतात, हजारोंचा आवाज पाठीशी असतो. परीक्षा होते ती घरात रोग शिरतो तेव्हा. पोर तापाने फणफणत असते आणि भावकीतले कोणी दारात उभे राहून म्हणते, ‘देव सोडलेत, म्हणून हे भोगता आहात.’ कोरोनाच्या साथीत अनेक घरांनी हे ऐकले. त्याला आपण काय उत्तर द्यावे, हाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

आपल्या वाडवडिलांनी देव सोडलेले नव्हते. पटकी आली की मरीआई कोपली, अंगावर फोड उठले की देवी आल्या, असे ते मानीत. मरीआईची सेवा आणि पोतराजाचा आसूड आपल्यासारख्याच दलित समाजांच्या वाट्याला येई. तिचा गाडा गावच्या शिवेबाहेर नेऊन सोडीत, म्हणजे रोग पुढच्या गावाकडे ढकलीत. एवढी सेवा करून रोग हटला काय? देवीचा रोग लसीने हटला, आणि तो जगातून नाहीसा झाल्याचे १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केले. पटकी दूषित पाण्यातून पसरते, म्हणून शुद्ध पाण्याने ती आवरता आली. प्रत्येक दुःखाला कारण असते आणि कारण दूर केले की दुःख दूर होते, हीच तर तथागताची शिकवण होय. टोमणा मारणाऱ्यास शांतपणे एवढेच सांगावे. आणि त्याच्या घरी ताप आला, तर औषध आणून देण्यास आपणच प्रथम जावे.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली. देवळे, मशिदी बंद झाल्या, तसे आपले विहारही बंद झाले. १४ एप्रिलची जयंती प्रत्येकाने घरीच साजरी केली. त्या वर्षी दीक्षाभूमीवर आणि चैत्यभूमीवरही नेहमीचा जनसागर लोटला नाही. पुष्कळांना वाटले, आता आपला आधार तुटला. परंतु त्या दिवसांनी मोठी गोष्ट शिकविली. त्रिशरण आणि पंचशील ग्रहण करण्यास मध्यस्थ लागत नाही. चुलीपुढचे काम आटोपून आई बसते, शाळेत जाणारी मुलगी वंदना म्हणते, आजोबा मागोमाग म्हणतात; तेवढ्याने त्या घराचा विहार होतो. ज्या घरात रोज सायंकाळी असे एकत्र बसणे झाले, त्या घरातील भय निदान वाटून घेतले गेले.

भय ओसरले की सेवा सुरू होते. एक आजारी भिक्खू आपल्याच मलमूत्रात पडलेला बुद्धांना आढळला. आनंदाच्या मदतीने त्यांनी स्वतः त्यास धुतले, अंथरुणावर निजविले, आणि माझी सेवा करू इच्छिणाऱ्याने रोग्याची सेवा करावी, असा उपदेश संघास केला. सावित्रीबाई फुले याच वाटेने गेल्या. प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करतानाच त्यांना तो रोग जडला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

या साथीत ‘अंतर ठेवा’ असे सर्वांना सांगण्यात आले. ‘दूर हो’ हे शब्द आपल्या पिढ्यांनी फार ऐकले आहेत. म्हणून येथे विवेक हवा. अंतर रोगापासून ठेवावयाचे असते, आणि रोग जाताच ते संपते. अस्पृश्यतेचे अंतर कधी संपत नसे, कारण त्यामागे रोग नव्हता, माणसाचा तिरस्कार होता. शहरांतून पायपीट करून गावी परतलेल्या मजुरांना शाळेत वेगळे ठेवणे योग्य होते. त्यांची मुदत भरल्यावरही त्यांच्याकडे पाठ फिरविणे हा अधर्म होता. आपल्या घराने तो कधीही करू नये.

शेवटी, ज्यांची माणसे गेली त्यांच्याविषयी. कित्येकांना शेवटचे तोंडही पाहता आले नाही. ‘विधी झाला नाही, त्याला शांती कशी मिळेल?’ ही सल नवदीक्षितांच्या मनातही राहते. बंधूंनो, ही सल काढून टाका. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत श्राद्ध आणि पिंडदान वर्ज्य केले, ते मृतांचा अनादर व्हावा म्हणून नव्हे, तर जिवंतांची भयातून सुटका व्हावी म्हणून. मेलेले मूल कवटाळून आलेल्या किसा गोतमीला बुद्धांनी मंत्र दिला नाही. जेथे कोणी मेले नाही अशा घरातून मोहरी आणावयास सांगितले. ती दारोदार फिरली, आणि आपले दुःख एकटीचे नाही हे तिला उमगले. रडणे ही श्रद्धेतील उणीव नव्हे. रडा, मग गेलेल्याच्या नावाने एखाद्या मुलास पुस्तके द्या, एखाद्या रोग्यास दवाखान्यात पोहोचवा. त्यांचे स्मरण अशाच कृतीत टिकते.

लस टाळू नका, ताप अंगावर काढू नका, सायंकाळची वंदना चुकवू नका. बुद्धी आणि करुणा ही दोन्ही ज्या घरात नांदतात, ते घर कोणत्याही साथीत निराधार होत नाही.

जय भीम!