पहिल्या वर्षाचा विजय : आयझेनहॉवर प्रशासन आणि पश्चिम आशिया

महासत्तांच्या अपयशांची चिकित्सा पुष्कळ होते, त्यांच्या यशाची मात्र क्वचितच होते. अशांत प्रदेशात नव्या नेतृत्वाला पहिल्याच वर्षी, थोड्या खर्चात आणि गुप्तपणे मिळालेला विजय त्याच्या पुढील धोरणाला पराभवापेक्षाही अधिक घातक ठरतो, हे प्रस्तुत व्याख्यानाचे प्रतिपादन आहे. २० जानेवारी १९५३ रोजी सत्तारूढ झालेले अमेरिकेचे आयझेनहॉवर प्रशासन हे त्याचे ठळक उदाहरण होय. शीतयुद्धाचा आरंभ, कोरियातील युद्ध आणि साम्यवादाचा प्रसार रोखून धरण्याचे आधीचे राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांचे धोरण ही पार्श्वभूमी या व्याख्यानमालेच्या श्रोत्यांना परिचित असल्याने तिची पुनरुक्ती येथे टाळली आहे.

तो पहिला विजय इराणमध्ये मिळाला, म्हणून तेथील तेलाचा प्रश्न मात्र मुळापासून पाहावा लागतो. अबादान येथील तेलशुद्धीकरण कारखाना त्या काळी जगातील सर्वांत मोठा होता आणि तो चालवणाऱ्या अँग्लो-इराणियन ऑइल कंपनीत ब्रिटिश सरकारचे भागभांडवल बहुमताचे होते. इराणला मिळणाऱ्या स्वामित्वशुल्कापेक्षा, म्हणजे भूगर्भातील संपत्तीच्या मोबदल्यापेक्षा, ब्रिटनला मिळणारा कर अधिक होता. डिसेंबर १९५० मध्ये सौदी अरेबियाला अमेरिकी कंपन्यांकडून नफ्याचा निम्मा वाटा मिळू लागल्यावर इराणी जनतेला हा व्यवहार असह्य झाला आणि मार्च १९५१ मध्ये तेथील संसदेने, म्हणजे मजलिसने, तेल उद्योगाचे राष्ट्रीयीकरण केले. त्यानंतर पंतप्रधान झालेले मोहम्मद मोसाद्देघ यांनी ऑक्टोबर १९५१ मध्ये सुरक्षा परिषदेत स्वतः आपल्या देशाची बाजू मांडली. पुढे जुलै १९५२ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने हा वाद आपल्या अधिकारकक्षेत येत नाही असा निर्णय दिला, तेव्हा ब्रिटिश न्यायाधीश मॅकनेअर यांनीही स्वदेशाच्या विरोधात, बहुमताच्या बाजूने मत दिले. एक दुर्बल राष्ट्र कायद्याच्या मार्गाने जिंकत होते, ही गोष्ट ध्यानात घेतल्यावाचून पुढील घटनेचे गांभीर्य कळत नाही.

ब्रिटनने तेलाची कोंडी केली आणि सत्तांतराची योजना अमेरिकेपुढे ठेवली. ट्रुमन प्रशासन तिला अनुकूल नव्हते. तेव्हा तेलापेक्षा साम्यवादाचा धोका पुढे केल्यास नवे प्रशासन ऐकेल, हे ब्रिटिश अधिकाऱ्यांनी ओळखले. संरक्षणखर्च आटोक्यात ठेवू पाहणाऱ्या आयझेनहॉवर यांना गुप्त कारवाई स्वस्त वाटत होती. परराष्ट्रमंत्री जॉन फॉस्टर डलेस आणि गुप्तचर संस्था सीआयएचे प्रमुख ॲलन डलेस हे सख्खे भाऊ असल्याने मुत्सद्देगिरी आणि गुप्तकार्य यांच्यातील अंतरही उरले नव्हते. १५ ऑगस्ट १९५३ च्या रात्री मोसाद्देघ यांना हटवण्याचा झालेला पहिला प्रयत्न फसला, इराणचे राजे शहा देशाबाहेर पळाले आणि वॉशिंग्टनहून कारवाई थांबवण्याचा संदेशही निघाला. तरीही १९ ऑगस्टला तेहरानच्या रस्त्यांवर पारडे फिरले, मोसाद्देघ पदच्युत झाले आणि जनरल जाहेदी पंतप्रधान झाले. १९५४ मध्ये इराणी तेलासाठी कंपन्यांचा जो संघ स्थापन झाला, त्यात अमेरिकी कंपन्यांना ४० टक्के वाटा मिळाला.

यावर असा आक्षेप घेतला जातो, की मोसाद्देघ यांचे पतन इराणी शक्तींनीच घडवले : धर्मगुरू काशानी त्यांच्यापासून दुरावले होते, सैन्यातील एक गट विरोधात होता आणि सार्वमत घेऊन मजलिस विसर्जित करण्याच्या पंतप्रधानांच्या निर्णयाने मित्रही बिथरले होते. हा आक्षेप तथ्य म्हणून मान्यच आहे, परंतु त्याने प्रस्तुत प्रतिपादन दुबळे न होता अधिक बळकट होते. कारण जे यश बऱ्याच अंशी योगायोगाचे आणि स्थानिक परिस्थितीचे होते, त्याचे श्रेय वॉशिंग्टनने आपल्या कौशल्याला दिले आणि त्यातून एक पद्धत निर्माण केली. पुढच्याच वर्षी ती ग्वातेमालात वापरली गेली. १९५७ मध्ये सिरियात तशाच कटाचा सुगावा लागताच तेथील सरकारने अमेरिकी राजनैतिक अधिकाऱ्यांना देशाबाहेर काढले आणि सिरिया सोव्हिएत संघाच्या अधिक जवळ गेला.

व्याख्यानाची वेळ संपत आल्याने १९५५ चा बगदाद करार हा संरक्षण करार आणि १९५४ मध्ये पाकिस्तानला देऊ केलेल्या लष्करी साहाय्यामुळे भारताशी आलेला दुरावा यांचा केवळ निर्देश करून सुएझ कालव्यावरील संघर्षाकडे वळणे भाग आहे. १९५६ मध्ये ब्रिटन, फ्रान्स आणि इस्रायल यांनी इजिप्तवर हल्ला केला, तेव्हा आयझेनहॉवर यांनी संयुक्त राष्ट्रसंघामार्फत आणि आर्थिक दबावाने आपल्याच मित्रांना माघार घ्यायला लावली. उघड, कायदेशीर आणि तत्त्वनिष्ठ अशा या भूमिकेने अरब जगात अमेरिकेची प्रतिष्ठा कधी नव्हे इतकी वाढली. परंतु जानेवारी १९५७ मध्ये मांडलेल्या आयझेनहॉवर सिद्धान्ताने, म्हणजे साम्यवादी आक्रमणाविरुद्ध या प्रदेशातील देशांना सैनिकी व आर्थिक मदत देण्याच्या घोषणेने, अरब राष्ट्रवादाकडे पुन्हा शीतयुद्धाच्या चष्म्यातून पाहिले. १४ जुलै १९५८ रोजी इराकमध्ये राजसत्ता उलथली आणि दुसऱ्याच दिवशी अमेरिकी सैनिक लेबनॉनच्या किनाऱ्यावर उतरले. ज्याच्या राजधानीच्या नावाने बगदाद करार झाला होता, तो इराकच १९५९ मध्ये त्यातून बाहेर पडला.

सुएझच्या यशातून धोरणाची पद्धत घडली असती, तर पश्चिम आशियाचा पुढील इतिहास कमी रक्तलांछित झाला असता, असे म्हणण्यास पुरेसा आधार आहे. घडली ती तेहरानच्या यशातून. नोव्हेंबर १९७९ मध्ये तेहरानमधील अमेरिकी दूतावास ताब्यात घेणाऱ्या तरुणांच्या मनात १९५३ ची आठवण जिवंत होती आणि ५२ अमेरिकनांनी तिची किंमत ४४४ दिवसांच्या बंदिवासाने मोजली. म्हणून कोणत्याही महासत्तेत नवे नेतृत्व येते, तेव्हा त्याच्या घोषणांपेक्षा त्याचा पहिला विजय अभ्यासकांनी आणि नागरिकांनी बारकाईने तपासावा : तो कोणाच्या हक्कावर मिळवला गेला, कोणापासून लपवला गेला आणि त्यातून कोणता धडा घेतला गेला, हे तीन प्रश्न वेळीच विचारले जाणे आवश्यक आहे.